पाताळनगरीची इंदूमावशी

इंदूमावशीशी पाताळनगरीबद्दल बोलायचं असेल तर तिची एक अट होती. त्याच दिवशी पाताळात एक फेरी मारून आलेलं असलं पाहिजे. काल गेलात, मागच्या महिन्यात गेलात, लहानपणी दहादा गेलात, यातलं काही चालत नसे. "पयले बसून ये, मंग बोल," एवढं म्हणून ती पदराने तोंड पुसायची आणि दुसरीकडे बघायला लागायची.

मला हे पहिल्याच भेटीत समजलं. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना मौजवन नावाचं जुनं करमणुकीचं पार्क लागतं. पुढच्या बाजूला आकाशपाळणा, घसरगुंड्या आणि पोहायचा तलाव, आणि अगदी मागे पाताळनगरी. सिमेंटचा एक लांब वळणावळणाचा बोगदा, त्यात गुडघाभर पाणी, आणि नागाच्या फण्याच्या सहा माणसांच्या नावा. आत अंधारात दोन्ही बाजूंना राक्षस, नागकन्या, बळीराजाचा दरबार. अकोल्याच्या एका मूर्तिकाराने ते सगळं घडवलं होतं, आणि बऱ्याच मूर्ती मोटारीवर हलायच्या. मी कॉलेजात असताना हे सुरू झालं. पुढे आम्हा वेड्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट झाला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पार्कच्या कॅन्टीनसमोरच्या कडुनिंबाखाली भेटू लागलो. पहिल्या बैठकीला मी सुधारणांची अकरा कलमी यादी टाइप करून नेली होती. मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. यादीशिवाय मला घराबाहेर पडवत नाही.

दुसरं कलम वाचत असताना हिरव्या लुगड्यातल्या एका बाईने मला थांबवलं आणि आज बसून आलीस का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. तिने बोगद्याकडे बोट केलं. मी चाळिशी ओलांडलेली बाई, हातात फाइल, आणि तरी मुकाट्याने उठून गेले. परत आले तेव्हा अकरातली सात कलमं मी स्वतःच खोडली होती, कारण ती पाताळाबद्दल नव्हतीच, माझ्या आठवणीबद्दल होती. मावशी म्हणाली, "डोस्क्यातलं पाताळ येगळं अन पान्यातलं येगळं." त्या दिवसापासून मी गटाची सचिव झाले. दर बैठकीला कोण फेरी करून आलं आणि कोणी मत मांडलं, हे मी वहीत लिहू लागले.

मावशी मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातली. घरचा झेंडू आणि वांगी. रविवारी पहाटे टेम्पोतून फुलांची पोती घेऊन अमरावतीच्या बाजारात यायची. नऊ-दहापर्यंत माल उठला की टेम्पो गावी परत पाठवायची आणि स्वतः ऑटोत बसून मौजवनला. अंगाला झेंडूचा वास, नखांत माती, आणि आवाज असा की बाजारात ज्याला हाक मारेल तो दोन दुकानं पुढून मागे वळावा.

तिला पाताळात सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर राक्षसांचा स्वयंपाक. मूर्तिकाराला राक्षस काय खातात हे ठाऊक नसावं, म्हणून त्याने आपल्या घरचंच दाखवलं होतं. एक धिप्पाड राक्षसीण गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजते, शेजारी पातेलंभर वांग्याची भाजी, आणि तिचा हात मोटारीवर खालीवर होत रोडगा उलटतो. "आपल्या चुलीले तिकीट लावलं यायनं," मावशी कौतुकाने सांगायची. एकदा मी विचारलं की इतक्या लांबून दर खेपेला येण्याजोगं त्यात काय आहे. तिने लगेच उत्तर दिलं. "सारी जिंदगी मी वाफ्यावाफ्यानं सरकत गेली वो. इथं मी बसतो अन दुनिया सरकते."

तीन वर्षांपूर्वी पार्कच्या मॅनेजरनी गटाला निरोप धाडला. पाताळनगरी जुनी झाली, ती नवी करायचा विचार आहे. मूर्ती काढून मोठे पडदे, आवाज, धूर, नवी गोष्ट. तुम्ही लोक इतकी वर्षं पत्रं लिहिता, तर तुमचं मत लेखी द्या. लगेच गटात दोन तट पडले. एकीकडे रोहित, अकोल्यात कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा. त्याचं म्हणणं असं की रंग उडालेत, अर्ध्या मोटारी बंद आहेत, आत जाणारी मुलं घाबरत नाहीत, हसतात; प्रेम आहे म्हणून कुजू द्यायचं का? दुसरीकडे अमरावतीचे वकीलसाहेब. त्यांना एक खिळाही हललेला नको होता. बोगद्याच्या छतावरची ओल नकाशासारखी दिसते म्हणून तीसुद्धा जपावी असा त्यांचा अर्ज होता. मावशी वकीलसाहेबांच्या बाजूने, आणि त्यांच्याहून कडक.

भांडणं मजेदार व्हायची. रोहितने एकदा काढलं की बोगद्याच्या शेवटी घोरणारा कुंभकर्ण पाताळात असायचं कारणच नाही. तो लंकेचा. मूर्तिकाराकडे कुठल्या तरी मंडळाच्या सजावटीतला उरला होता, तो त्याने इथे झोपवला. वकीलसाहेब दाखले शोधायला लागले. मावशीने तेवढ्यात निकाल दिला. झोपलेला माणूस, कुठं आणून टाकलं हे त्याले काय मालूम, त्याची झोप मोडू नका. रोहितसुद्धा हसला आणि कुंभकर्णाचा विषय त्या दिवशी संपला.

अंतिम बैठकीत मॅनेजर स्वतः येणार होते. मी मावशीचीच अट लेखी नियम म्हणून घातली: ज्याने त्या दिवशी फेरी केली, त्याचंच मत धरलं जाईल. सगळ्यांनी मान्य केलं. मग तयारी म्हणून जुनी वही चाळताना माझ्या लक्षात आलं की मावशीच्या नावापुढे गेल्या दीड वर्षात फेरीची एकही खूण नाही. ती प्रत्येक बैठकीला हजर, सगळ्यात जास्त बोलणारी, पण खूण नाही. आठवून बघितलं तर तिच्याबरोबर नावेत कोणी बसल्याचंही आठवेना. ती दर वेळी म्हणायची, तुमी व्हा पुढं, मी मागच्या नावेत येतो. आणि आणखी एक. ती अजूनही चुलीवरच्या लाल दिव्याबद्दल बोलायची. तो दिवा जळून तिथे पिवळा लागल्याला वर्ष झालं होतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. नावेत चढायच्या जागेला आम्ही घाट म्हणायचो. चार ओल्या पायऱ्या, मग हलत्या नावेत आणखी हातभर खाली पाऊल. घाटाबाहेरच्या बाकावर मावशी बसली होती. आतून कुंभकर्णाचं घोरणं ऐकू येत होतं आणि ती डोळे मिटून ऐकत होती. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं. ती दचकली नाही. चाळीस वर्षं वाफ्यात उकिडवं बसून खुरपण केलं, आता गुडघे हिशेबाला बसलेत, असं तिने सांगितलं. पायऱ्या कशाबशा जमतात, पण नाव हलली की पाय उचलत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा नाववाल्याने धरून वर घेतलं. लोक बघत होते. त्यानंतर ती बाकावरच.

मी लगेच वही काढली. कठडा, नावेच्या पातळीचा फलाट, नाव घट्ट धरणारा आकडा, तीन ओळी लिहूनही झाल्या. तिने माझ्या पेनवर हात ठेवला. "थांब वो. खिळा हालवू नका म्हनून मीच बोंबलली ना? आता माह्या गुडघ्यासाठी घाट फोडा म्हनू? तो रोहित म्हनन, घाट फोडला तं चूलही फोडा." तिची अडचण मला तेव्हा नीट कळली. काही बदललं नाही तर पाताळ राहणार, पण तिला ते पुन्हा दिसणार नाही. बदल मागितला तर चूल जायची भीती. आणि काहीच बोलली नाही तर निदान बाकावर बसून घोरणं ऐकता येईल. कोणाले सांगू नको, एवढं तिने मागितलं. मी सांगितलं नाही.

बैठकीच्या दिवशी मॅनेजर खुर्चीवर, आम्ही सतरंजीवर. मी एकेक नाव वाचत होते, माणूस "बसून आलो" म्हणायचा, मी खूण करायची, मग तो मत सांगायचा. दोन्ही बाजू अगदी बरोबरीत आल्या आणि मावशीचं नाव आलं. माझं पेन थांबलं. खोटी खूण मी आयुष्यात केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी करायला निघाले होते.

"लिव," मावशी म्हणाली. "बसली नाई. दीड वरीस झालं, बसली नाई."

वकीलसाहेबांनी लगेच युक्तिवाद सुरू केला की संस्थापक सभासदाला नियम लावू नये, मावशींचा अनुभव आम्हा सगळ्यांहून मोठा. त्यांना एक मत हवंच होतं. मावशीने त्यांना हाताने बसवलं. कायदा मीच केला, वकीलसाहेब, मोडू मीच का, असं म्हणून तिने गुडघ्याची सगळी हकीकत सांगितली. लाज वाटल्याचंही सांगितलं. मग मॅनेजरकडे वळली. "माह्यं मत नाई. पन एक इचारतो. आत काय ठेवाचं यावर तुमी तीन महिने भांडून राहिले. जे आत जाऊच शकत नाई, त्याइले कोनी इचारलं?"

रोहितच उठला. म्हणाला, मोजून तर बघू. पुढचे दोन रविवार तो आणि मी घाटाबाहेरच्या बाकांवरल्या माणसांना विचारत होतो. आम्हाला वाटायचं हे लोक पिशव्या सांभाळायला बसलेत. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या कडेवर तान्हं, एका आजोबांना फक्त हात धरायला कठडा हवा होता. माझ्या सगळ्या याद्यांत ती सर्वात लांब निघाली. मॅनेजरनी ती वाचली आणि मोठा निर्णय पुढे ढकलून आधी घाट करायचं ठरवलं. पायऱ्यांच्या जागी उतार, दोन्ही बाजूंना कठडा, नावेच्या काठाच्या पातळीतला फलाट, आणि माणूस बसेपर्यंत नाव जागची हलू न देणारा आकडा. वकीलसाहेबांनी विरोधाचं एक पान लिहून दिलं. मी ते फाइलला लावलं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. दोन दिवस ताप आला एवढंच निमित्त झालं. गावी गेले तेव्हा तिच्या वावरात झेंडू ऐन भरात होता आणि तिच्या सुना तोडणीला लागल्या होत्या, कारण बाजाराचा दिवस होता. तिलाही हेच आवडलं असतं. पण ती आठवली की माझ्यापुढे उभा राहतो तो नव्या घाटाचा पहिला रविवार.

त्या दिवशी गटातले सगळे आले होते. मावशी नवं लुगडं नेसून, कठडा धरून उतारावरून आली, फलाटावरून नावेत सरळ पाऊल टाकून बसली आणि मला शेजारी ओढलं. वकीलसाहेब आणि रोहित मागच्या बाकड्यावर. आत शिरलो. नागकन्या गेल्या, दरबार गेला. चुलीसमोर आलो तेव्हा तिने पुढे वाकून बघितलं. राक्षसिणीच्या नाकाचा टवका उडाला होता, वांग्याच्या भाजीवर धुळीचा थर होता, आणि रोडगा उलटायचा हात अर्ध्यावर अडकून थरथरत होता. कुंभकर्णाचं पोट हलत नव्हतं, नुसता आवाज येत होता. नाव उजेडात आली. मावशी जागेवरून उठलीच नाही.

"वही काढ," ती मला म्हणाली, आणि सांगू लागली. राक्षसिणीचं नाक. हाताची मोटार. भाजीवरची धूळ. लाल दिवा परत. कुंभकर्णाचं पोट. पडदे नकोत, पण नागाइले नवा रंग, अन हे सारं दिवाळीच्या आत. मी लिहीत होते. रोहितचा चेहरा जिंकल्यासारखा झाला होता, वकीलसाहेबांचा मात्र पार उतरला.

"मावशी," ते म्हणाले, "खिळाही हलवू नका, हे तुम्हीच म्हणत होता ना?"

मावशीने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं.

"म्हनत होती ना," ती म्हणाली. "तवा मी भायेर होती."