आधी दाखवायचं

आमच्या गावच्या दूध डेअरीवर एक कारकून आहेत, कॉम्प्युटर तेच सांभाळतात. मूळचे वेल्ह्याकडचे, बोलणं हळू, चष्मा कायम कपाळावर. इथं रेंज नसते, म्हणून भोरला जाऊन प्रोग्रामचं एक मॉड्यूल, म्हणजे जास्तीचा भाग, त्यांनी पेनड्राइव्हवर आणलं आणि स्वतःच बसवलं. त्यामुळं डेअरीची सगळी नोंद स्क्रीनवर उलगडून दिसते: वाडी, वाडीखाली घर, घराखाली माणूस, माणसाखाली त्याची जनावरं. दाखवल्याशिवाय ते काहीच सेव्ह करत नाहीत. "आधी बघून घ्या, मंग ठिवू," म्हणतात.

परवा शेजारच्या मावशी आल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून कारकुनांनी नोंद वाचून दाखवली. गाय त्यांच्या मुलाच्या नावाखाली निघाली.

"गाय माझी हाय," मावशी म्हणाल्या. "माझ्या माहेरनं आलीया."

मुलगा तिथंच उभा होता. कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, गाय मुलाखालून काढून मावशींच्या नावाखाली घातली, पुन्हा वाचून दाखवलं आणि मगच सेव्ह केलं.

पुढचा नंबर माझा. आमची म्हैस माझ्या नावाखाली होती. तिची धार रोज आई काढते. कारकुनांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली आणि सेव्ह न करता ते थांबून राहिले.