ताजं ड्रॉइंग कसं ओळखायचं?

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे कारखान्यात किस्से साचतात. कीस रोज झाडून काढता येतो, किस्से कुठे टाकणार?

सत्तरच्या दशकात साताऱ्याजवळ पंपांच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंग बदललं की त्याला पुढचं अक्षर मिळायचं, अ, मग ब, मग क. तरी लेथवर हमखास जुनंच! शेवटी साहेबांनी मला कामगारांसाठी सोप्या मराठीत पुस्तिका लिहायला सांगितली. “आणखी एक लॉट जुन्या ड्रॉइंगवर निघाला, तर पुस्तिका रद्द आणि तूही रद्द!”

मी घाबरलो नाही. शाळेत निबंधात कायम पहिला यायचो!

*

पहिल्याच पानावर लिहिलं, ‘नेहमी ताजे ड्रॉइंग वापरावे.’ दुसऱ्या दिवशी सांगलीचा बापू टर्नर ‘क’ बाजूला सारून ‘अ’ लावून बसलेला.

“बापू, ताजं वापरायचं ना रे?”

“ताजंच हाय की! वास घ्या!”

घेतला. प्रिंट काढताना वापरतात त्या अमोनियाने डोळ्यांत पाणी आलं. ‘अ’ची जादा प्रिंट त्याच सकाळी काढलेली, आणि ती मीच!

*

कोरेगावचे ज्ञानूतात्या, आमचे सगळ्यात जुने टर्नर, मुद्दाम विचारायला आले. “क च्या म्होरं ड येनार का?”

“येणार की.”

“मंग तवाच सांगा! मधल्यांच्या नादाला कशाला लागायचं?”



*

पुढे लिहिलं, ‘ड्रॉइंगवर पेन्सिलीने दुरुस्ती करू नये.’

सगळ्यांनी पेनं आणली!

*

ड्रॉइंग का बदललं, ते रजिस्टरात लिहायचं काम एका निवृत्त हवालदारांकडे होतं. महिनाभर ‘कारण’ या रकान्यात एकच शब्द, ‘हुकूम’.

“हवालदार, जरा सविस्तर लिहा की.”

दुसऱ्या दिवसापासून, ‘वरून हुकूम’.

*

मग पुलीचं नवं ड्रॉइंग निघालं. चार दिवसांनी साहेबांनी मला मशीनशॉपवर बोलावलं. तात्यांच्या लेथजवळ जुन्या मापाच्या पुल्यांचा ढीग, शेजारी तस्साच दुसरा! नोकरी गेलीच असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“तात्या, नवं ड्रॉइंग मिळालं नव्हतं?” साहेबांनी विचारलं.

“मिळालं की! मिळाल्या-मिळाल्या पुस्तिका बघितली, आन तसंच केलं.”

तात्यांनी पुस्तिकेत बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, ‘नवे ड्रॉइंग मिळताच जुनी प्रत परत करा.’

तात्यांनी खणखणीत वाचलं, “जुनी परत परत करा! एकदा केली, परत केली. आता आनी करू का?”

साहेबांनी पुस्तिका हिसकावली. एरवी ते अगदी शुद्ध बोलायचे, पण रागावले की त्यांचं गाव, शिराळा, तोंडातून बाहेर पडायचं.

“आवं तात्या, नीट वाचा की! सरळ लिवलंय हितं, जुनी परत परत...”