गाणी बंद होती त्या दुपारी

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, मठातल्या स्वामींच्याही नाही. पिंडीपुढं उभा राहतो, बेल वाहतो, ओठांपर्यंत येतं — आणि तोंड मिटून घरी येतो. तुम्हाला सांगतो. सांगतो म्हणजे, बघू जमतंय का.

नांदूरघाटला माझं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी नाव ठेवलं मन्मथ, गाव म्हणायचं मन्मथअप्पा. गेल्या काही वर्षांत झालो पोर्तुगालअप्पा. हसू नका. मला ते नाव लई आवडायचं. सगळं तिथंच बिघडलं.

झालं असं, की पुण्याच्या भाच्यानं माझ्या मोबाईलमध्ये जगभरचा रेडिओ टाकून दिला. पृथ्वीचा गोळा बोटानं फिरवायचा, ठिपक्यावर थांबलं की तिथलं स्टेशन लागतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, गोळा फिरवत बसलो होतो, आणि पोर्तुगालच्या एका स्टेशनवर एक बाई गायला लागली. काय आवाज! काळीज पिळवटून टाकणारा. सोमवारच्या भजनात पेटी माझ्याकडं असते, सुराचं मला कळतं. त्या दिवसापासून मी त्या भाषेच्या मागंच लागलो. कळलं, की ही भाषा निम्म्या जगात सांडलेली आहे. ब्राझीलच्या एका भागात लग्नातल्यासारखं नाचवणारं गाणं, त्यात ॲकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोणाची टिणटिण. अंगोलात ठेका कमरेत शिरणारा. समुद्रात कुठंतरी केप व्हर्दे म्हणून बेटं आहेत, तिथलं गाणं संथ, दमून घरी आलेल्या माणसासारखं. आणि मोझांबिकची गिटार — ती थांबतच नाही, पळत सुटते. डोळे झाकून ऐकवा, स्टेशन कुठल्या देशाचं ते मी सांगतो. आजही.

पण भाषा? भाषा मला येत नव्हती. ओब्रिगादु म्हणजे आभार, बों दिया म्हणजे नमस्कार — असे चार-दोन शब्द. बस्स.

एकदा शाळेतले गुरुजी पातेलं घ्यायला आले. ती बाई गात होती. गुरुजींनी विचारलं, “काय म्हणायली हो ही?” मी पटकन म्हणालो, नवरा दर्यावर गेलाय, परत येईना, म्हणून रडतीय. गुरुजींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे आलं ना — तसं माझ्याकडं जन्मात कुणी बघितलं नव्हतं. भांडीवाल्याकडं कोण बघतं तसं? मग मी सुटलोच. प्रत्येक गाण्याचा अर्थ, प्रत्येक बातमीचा सारांश. सगळी थाप. सूर ऐकायचा आणि त्यावर गोष्ट बसवायची. लोक मान डोलवायचे. यात कुणाचं काय जात होतं, सांगा?

कुणाचंच नाही. गयाबाईचा खंडू मोझांबिकला जाईपर्यंत.

गयाबाई धनगराची. नवरा लवकर गेला, मेंढरांवर तिनं एकटीनं पोरगं वाढवलं. खंडूला ओळखीच्या माणसाकडून तिकडं एका किराणा-ठोक दुकानात काम लागलं, समुद्राकाठच्या गावात. जायच्या आधी तो महिनाभर माझ्याकडं भाषा शिकायला यायचा. मी काय शिकवणार? ते चार शब्द शिकवले, बाकी गाणी ऐकवली. म्हणालो, कानाला सवय झाली की जीभ आपोआप वळते. पोरगं निघताना माझ्या पाया पडलं. मी पडू दिलं.

तो गेल्यावर गयाबाई रोज दुपारी मेंढरं झाडाखाली बसवून दुकानाच्या पायरीवर येऊन टेकायची. “अप्पा, लावा की माझ्या खंडूच्या गावचं.” मी लावायचो. पळती गिटार वाजायची, मधूनच माणूस बोलायचा, आणि मी सांगायचो — पाऊसपाणी बरं हाय, बाजार भरलाय, मासळी लई आलीय. ती पदरानं तोंड पुसायची आणि समाधानानं उठायची. मला वाटायचं, पुण्य करतोय मी. खरंच वाटायचं.

आता ती दुपार. इथवर आलोय तर —

गयाबाई पायरीवरच होती. तिच्यासमोरच माझा फोन वाजला. खंडू होता. आपली दुपार म्हणजे तिथली सकाळ. मी आवाज मोठा केला, म्हटलं माउलीला पोराचा आवाज ऐकू दे. खंडू घाबरलेला होता. “अप्पा, मालक आतल्या शहरात गेलाय, मला दुकान राखायला ठेवलंय. इथं लोकं गाठोडी बांधून चाललेत. रेडिओवर कालपास्नं नुसतं बोलायलेत. आमचा हमाल चल चल म्हणून हात ओढायलाय, मला धड कळंना. तुमी जरा लावून ऐका. तुमी सांगताल तसं करतो.”

मी त्याला थांबायला सांगितलं आणि बायकोच्या फोनवर ते स्टेशन लावलं.

एक माणूस बोलत होता. सावकाश, तेच तेच, पुन्हा पुन्हा. मला त्यातला एक शब्द कळला नाही. एकसुद्धा नाही.

पण गाणी बंद होती. रोज थांबायचं नाव न घेणारी गिटार बंद होती. मी थांबलो, पुढं गाणं लागेल म्हणून वाट बघितली. लागलं नाही. लहानपणी आपल्या रेडिओवर गाणी बंद व्हायची, तेव्हा वडील न सांगता दुकानाची फळी लावायचे. काहीतरी मोठं वाईट घडल्याशिवाय रेडिओ गाणं थांबवत नाही. हे कळायला पोर्तुगीज लागतं का? मला कळलं होतं. ऐकताय ना — मला कळलं होतं.

एवढंच म्हणायचं होतं, “खंडू, मला भाषा येत न्हाई बाबा, पण तू निघ.” किंवा समोरच्या मोबाईल दुकानात जायचं, तिथल्या पोरानं फोनवरूनच अर्थ काढून दिला असता. रस्ता ओलांडायचा, बस्स. पण गयाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. शेजारचा टेलर मान वर करून बघत होता. आणि माझ्या तोंडून निघालं, “काय न्हाई रे. निवडणूक हाय तिथं, पुढाऱ्याचं भाषण चाललंय.”

आणि गाठोडी? त्यालाही माझ्याकडं उत्तर होतं. आपल्या बीडात दिवाळी झाली की निम्मी गावं गाठोडी बांधून ऊसतोडीला कारखान्यावर जातात. भरलेले ट्रॅक्टर बघतच मोठे झालो आपण. गाठोडी घेतलेली माणसं बघून आपल्याला भीती वाटत नाही. म्हणालो, हंगामाला चालले असतील. वर हेही म्हणालो, “त्या हमालाचं नको ऐकू. तू हाललास की तो दुकान धुवून नेईल. मालक सोडंल का तुला?”

गयाबाई फोनकडं वाकून म्हणाली, “अप्पा म्हणतायत तसं कर रं लेकरा.”

“बरं,” म्हणाला खंडू. त्याचा आवाज हलका झाला होता. माझ्यावर विश्वास टाकून हलका झाला होता.

त्याच रात्री तिकडं समुद्र गावात शिरला. वादळ. दुसऱ्या दिवशी स्टेशन लावलं तर फोनवर नुसतं चाक फिरत राहिलं. गयाबाईला मी म्हणालो, इथं नेट न्हाई. पुढं मालकाचा फोन आला. हमाल घरादारासकट उंचावरच्या शाळेत जाऊन वाचला. खंडू दुकानात होता. तिकडच्या लोकांनी सगळ्यांबरोबर त्यालाही तिथंच मातीत ठेवलं. आईला तोंड बघायला मिळालं नाही.

इथं तरी मी बोलावं की नाही? खंडूचा मामा वडवणीहून आला. पारावर माणसं जमली. मामा म्हणाला, “मालक म्हणतो रेडिओवर दोन दिवस सांगत व्हते. मग पोरगं थांबलंच कावून?” सगळे माझ्याकडं वळले. जाणता मीच ना! मी घसा खाकरला आणि म्हणालो, “मालक खोटं बोलतो. मी सोता ऐकलं. वादळाचं अक्षर नव्हतं त्यात.” मामानं मालकाला शिव्या घातल्या. मीही घातल्या. घसा कोरडा पडेस्तोवर घातल्या.

कुणी म्हणेल, भित्रा होता, चुकला. नाही हो. भित्रा माणूस गप्प बसतो. मी तर बोललो. दोन्ही वेळा बोललो, ठणठणीत आवाजात.

पुढं ते स्टेशन पुन्हा सुरू झालं. गयाबाई अजून येते. मेंढरं थोडीच राहिलीत, गुडघे दुखतात, पायरी चढताना हात द्यावा लागतो. मी हात देतो. ती विचारते, “काय म्हणायलाय तो गाणारा?” आणि मी सांगतो. हो, अजून सांगतो. काल म्हणाली, “अप्पा, तुमी व्हतात म्हणून माझ्या लेकराला शेवटाला आपल्या मानसाचा शब्द तरी मिळाला.” मी तिच्यासाठी चहा मागवला. ती फुंकर मारून मारून प्यायली.

त्याला जायला अख्खा दिवस होता. हात ओढून न्यायला माणूस होता. त्या माणसाचा हात मी इथून, गल्ल्यावर बसून सोडवला.

तुम्ही म्हणाल, तिलाच का नाही सांगत, आम्हाला लिहून का सांगतोस? गयाबाईला वाचता येत नाही. म्हणून लिहिलं.