अकराव्या खिडकीपाशी गाडी थांबायची

२०२३ साल. माझं वय तेव्हा बहात्तर. शिक्षण चौथी, ते आधीच सांगतो, म्हणजे पुढे कोणी चुका काढायला नकोत. मी वहीत लिहिलं आहे आणि सुनेने मोबाइलवर टाइप केलं आहे. तिला बजावलंय, माझे शब्द बदलायचे नाहीत.

तुम्ही मंडळी इथे भुताखेतांचे जे अनुभव लिहिता ते सून मला वाचून दाखवते. पांढऱ्या साडीतली बाई, वडाखाली उभा असलेला माणूस... मी हसतो. मी मूळचा मालवणकडचा, आमच्याकडे घरटी अशी एक गोष्ट असते. मी एकही कधी मानली नाही. देवस्की नाही, उतारा नाही, काही नाही. तेरा वर्षं गिरणीत फिटर होतो. मशीन थांबलं तर तीनच कारणं असतात — पट्टा, बेअरिंग, नाहीतर माणूस. चौथं कारण मी आयुष्यात बघितलं नाही. त्या वर्षी जे झालं त्यात पट्टा नव्हता आणि बेअरिंगही चांगलं होतं, एवढं मी छातीठोक सांगतो.

आम्ही राहतो लालबागला. चाळ, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली, वर माळा. गॅलरीत उभं राहिलं की पूर्वी आमच्या गिरणीची चिमणी दिसायची. आता तिथे काचेचा टॉवर आहे. दुपारी त्याची तिरीप सरळ आमच्या खोलीत येते.

मुलाच्या ऑफिसातला एकजण परदेशी गेला, जाताना सामान वाटून टाकलं. त्यातला एक खोका मुलाने घरी आणला. आत आगगाडी. खेळण्यातली नव्हे, चांगली वजनदार, वीतभर लांब इंजिन, पुढे दिवा, सहा डबे, रूळ, आणि वेग कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर. मुलगा म्हणाला, याला लेआउट करतात बाबा, म्हणजे प्लायवर रूळ बसवून आजूबाजूला डोंगर, घरं, सगळं उभं करतात. पण जागा लागते, आपल्याकडे कुठे.

जागा नाही म्हटलं की मला जोर येतो. आठ बाय चारचा प्लाय आणला, एक फूट कापला. आढ्याला चार पुल्या मारल्या. दोन दोर — एक दरवाजाच्या बाजूच्या हुकाला, दुसरा खिडकीच्या बाजूच्या. दोघांनी एकदम दोर ओढले की सगळं टेबल सरळ वर जाऊन आढ्याला लागायचं. सकाळी मुलगा-सून कामाला गेली की खाली, संध्याकाळी ती यायच्या आधी वर. सून म्हणाली, बाबा, झोपेत अंगावर नाही ना येणार? म्हटलं, फिटरचं काम आहे, तुमच्या लिफ्टसारखं नाही.

दोघांनी ओढायचे म्हटलं, त्यातला दुसरा म्हणजे अर्जुन. माझा मित्र, पलीकडच्या चाळीत एकटा राहतो. आमचं गाव जवळ जवळ, वय सारखं, गिरणीत एकाच महिन्यात लागलो. मी मेकॅनिक खात्यात, तो साचाखात्यात मागांवर. रोज सकाळी दहाला चप्पल वाजवत यायचा. मला शित्या म्हणणारा आता जगात तो एकच उरलेला.

काय बांधायचं यावरून आमचं पहिल्या दिवशीच वाजलं. मी म्हटलं, गिरणी. मागून रेल्वेचा फाटा यायचा, बॉयलरच्या कोळशाच्या वाघिणी घेऊन. संपाच्या आधीच तो बंद पडला होता, रूळ गंजून गवत आलेलं. तो फाटा, मागची भिंत, चिमणी, सगळं मापात करायचं. अर्जुन म्हणाला, कोकण रेल्वे करूया. बोगदा, पूल, माड. मी ऐकेना तेव्हा म्हणाला,

"गिरण मेली रे. तिका कशाक परत उभी करतंस?"

मी म्हटलं, माझं टेबल, माझ्या पुल्या. त्याने विषय सोडला. मला वाटलं, त्याला जुनं आठवून त्रास होत असेल. मला पण व्हायचा, पण आमच्या त्रासात अभिमान होता. ब्याऐंशीच्या संपात आम्ही दोघं आत गेलो नाही. कितीजण लपूनछपून गेले, मालकाच्या माणसांनी आत त्यांची खायची-झोपायची सोय केली होती. आम्ही नाही. मी पुढच्या गेटवर पहाऱ्याला असायचो. अर्जुन आठ महिने गावाला गेला शेती करायला, बायको-पोरांना इथे चाळीत ठेवून. माझी बायको सुलोचना रेशनचा तांदूळ आणायची आणि त्यातला निम्मा मोजून त्याच्या घरी द्यायची. आपल्या पोराला पेज पाजली, पण ते माप कधी कमी केलं नाही. शेवटी हातातल्या बांगड्या गेल्या. मी कधी कोणापुढे हात पसरला नाही, पण अर्जुनचा विषय निघाला की चारचौघांत सांगायचो — आम्ही दोघं सरळ राहिलो. एवढीच माझी इस्टेट.

तर काम सुरू केलं. मागची भिंत माझ्या पावलांनी एकशे वीस पावलं होती. गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची, म्हणून सुनेने मोबाइलवर सत्त्याऐंशीने भागून सांगितलं, साडेतीन फूट येते. बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा जोडून भिंत केली. एका रांगेत एकवीस खिडक्या, मला तोंडपाठ. चिमणी पाण्याच्या पाइपाची. रुळांखाली चाळलेली रेती, आणि जमिनीला चहाचा चोथा वाळवून गमात पसरला. हात लावल्याशिवाय कळत नाही खरी माती का खोटी. अर्जुनचे हात अजून साचेवाल्याचे, बारीक. खिडक्यांच्या काड्या त्यानेच कापल्या. पाच महिने गेले. खरं सांगतो, बायको गेल्यानंतर तेवढे चांगले महिने आले नव्हते.

गाडी पहिल्यांदा चालवली. सरळ निघाली, वळण घेतलं, भिंतीच्या मागे गेली... आणि थांबली. दिवा चालू. थोडा वेळ — दहा-बारा माणसं उतरतील एवढा — आणि आपली आपण पुढे निघाली. पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच. चिमणीपासून मोजलं तर अकराव्या खिडकीखाली.

मला राग आला. मशीन मला फसवतंय म्हणजे काय. रूळ घासले. टेस्टर लावला, करंट बरोबर. तो रुळाचा तुकडा काढून समोरच्या बाजूला लावला, तिथे गाडी फुरकन जायची. समोरचा तुकडा इकडे लावला तर त्यावर थांबायची. इंजिन उघडलं, ब्रश साफ केले. प्लाय सपाट आहे का बघायला पाणसळ लावली. मुलगा म्हणाला, तिथे करंट जात नसेल. म्हटलं, मग दिवा कसा जळतो?  अर्जुन काही करतोय का म्हणून मी एक दिवस टेबल खाली घेतल्यावर त्याला बाहेर पाठवून एकट्याने चालवली. थांबली.

शनिवारी सून घरी असते. अशाच एका शनिवारी अर्जुन आला, आम्ही टेबल खाली घेतलं. मी त्याला म्हटलं, आज शेवटचं करून बघतो. रुळाला काही नाही, इंजिनाला काही नाही, आता भिंत हलवतो. पुठ्ठ्याच्या भिंतीचा गाडी थांबण्याशी काही संबंध नाही, हे पोरालाही कळतं. पण फिटर सगळं तपासतो. भिंत उचलली, वीतभर डावीकडे सरकवली आणि गाडी सोडली.

जुन्या जागेवरून ती न थांबता गेली. मी हसलो. आणि वीतभर पुढे जाऊन थांबली. अकराव्या खिडकीखाली.

मी वाकून खिडक्या पुन्हा मोजल्या, अकराच. सून चहा घेऊन आली होती, ती पण कप धरून बघत राहिली. मी खडूने भिंतीवर खूण केली आणि सहज बोललो, इथे काय होतं काय? मला तर गिरणीतला एकेक बोल्ट माहीत, इथे नुसती भिंत होती.

अर्जुन पलंगावर बसला. चहा त्याने हातात घेतला नाही.

"दरवाजो होतो थंय, शित्या," तो म्हणाला. "लोखंडी. वाकान जावचा लागा."

मी म्हटलं, नव्हता. ती भिंत मी तेरा वर्षं रोज बघितली.

"संपात फोडल्यानी."

मला समजायला वेळ लागला. सुनेने ट्रान्सफॉर्मर बंद केला होता, मी रिकाम्या रुळाकडे बघत होतो. संपात फोडलेला दरवाजा बाहेरून कोणाला दिसला नाही. दिसला असता तर आम्ही तिथेही पहारा ठेवला असता. पुढच्या गेटवर आम्ही, बाजूच्या दोन गल्ल्यांत आम्ही, आणि मागचा फाटा तर बंद, गंजलेला, तिथून कोण येणार. तो दरवाजा फक्त आत गेलेल्या माणसाला माहीत असणार.

"तुका कसा म्हायत?" मी विचारलं. मला माहीत होतं तरी विचारलं.

 मी म्हटलं, मग गावाक गेल्लंस ता? त्याने मान हलवली, नाही म्हणून. आठ महिने तो त्या भिंतीच्या आत होता. मी पुढच्या गेटवर घोषणा देत उभा होतो, तिथून दोनशे पावलांवर. दर महिन्याचा पगार घरी येत होता. पोरांची तोंडं बघवत नव्हती म्हणाला. बघवत नव्हती, कबूल. माझ्या पोराचं तोंड मी बघत होतोच की.

"आणि तांदूळ?" मी म्हटलं.

खाली बघूनच तो म्हणाला, "बायलेक मीच सांगलंय. घे म्हटलंय. नको म्हटलास तर शित्याक कळतला."

सुनेने तोंडावर पदर... पदर कुठला, ती ड्रेस घालते, ओढणी धरली. मी काही ओरडलो वगैरे नाही. सुलोचनेचं तांदळाचं माप डोळ्यांसमोर आलं, पितळेचं, काठाला चेपलेलं. ती सपाट भरायची नाही, वर शीग काढून द्यायची. ती मेली तेव्हा हाच अर्जुन तिच्या पायाशी बसून रडला होता. मला वाटलं होतं, उपकार आठवून रडतोय.

मी म्हटलं, "चाय पी आणि जा."

त्याने चहा प्यायला. पूर्ण प्यायला. आणि गेला. त्या दिवशी टेबल वर चढलं नाही, मुलगा-सून माळ्यावर झोपली.

आता तुम्ही विचाराल, याचा अर्थ काय. मला माहीत नाही. मी या गोष्टी मानत नाही, आजही मानत नाही. पुढे अशा गाड्या विकणाऱ्या दुकानवाल्याला दाखवलं, त्याने दोन तास इंजिन खोलून बघितलं आणि दोष नाही म्हणाला. पुठ्ठा माझा, खिडक्या मी मोजलेल्या, त्यात दरवाजा नव्हता कारण मला तो माहीतच नव्हता. मग लोखंडाच्या त्या इंजिनाला कोणी सांगितलं? अर्जुनने तोंड उघडलं नसतं तर मी अजून रूळच घासत बसलो असतो. कधी कधी वाटतं, तेच बरं झालं असतं. मग सुलोचनेचं माप आठवतं आणि नाही वाटत.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाणी भरून झालं, मुलगा-सून बाजारात गेली. मी ब्लेड घेतलं आणि अकराव्या खिडकीखाली भिंतीला दरवाजा कापला. अर्धा इंच उंच, माणसाला वाकून जावं लागेल एवढाच. त्याला काळा रंग दिला, सुकू दिला, आणि गाडी सोडली. वीस फेऱ्या मोजल्या. एकदाही थांबली नाही.

मग स्टुलावर चढलो. खिडकीच्या हुकाला अर्जुनचा दोर होता, त्याला त्याची गाठ. साचेवाल्याची गाठ ती, तुटलेलं सूत जोडतात तशी, बारीक आणि चिवट. नखाने सुटेना. कापली नाही, दोर चांगला होता. स्क्रूड्रायव्हर घालून सोडवली, दोर आढ्यावरून फिरवून इकडे आणला आणि माझ्या हुकाला माझ्या दोराशेजारी बांधला.

दहा वाजता चप्पल वाजली. येईल असं मला वाटलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. गाडी फिरत होती, तो तिच्याकडे बघत राहिला. एक फेरी झाली, दुसरी झाली. त्याने दरवाजा बघितला असणार.

"थांबना नाय?"

"नाय," मी म्हटलं.

मी गाडी बंद केली. टेबल वर घ्यायची वेळ ती नव्हती, पण मी दोर सोडले. सवयीने त्याचं पाऊल आत आलं, खिडकीकडे हात गेला, आणि तिथे रिकामा हुक होता. तो तसाच उभा राहिला.

मी दोन्ही दोर एकत्र धरले आणि ओढले. टेबल एका बाजूने कलतं झालं, दोन डबे रुळावरून उतरले. पायाने भिंतीला रेटा दिला आणि पुन्हा ओढलं. जड होतं. पण गेलं वर.