वारा ऐकणारा नोमिकोस

पेत्रूसा बेटावर सपाट म्हणावी अशी जागा एकच, डोंगराच्या पायथ्याशी चक्कीजवळचा माळ. बाकी सगळा दगड. जिथे शेळी उभी राहील तिथे माणसाने उभं राहायचं, आणि जिथे माणूस उभा राहील तिथे भिंत घालून मूठभर जव पेरायचा. त्या माळावर नोमिकोसच्या पणज्याने बारा शिडांची पवनचक्की उभी केली. देवाने या बेटाला पाणी देताना हात आखडला, पण वारा देताना पोतंच उपडं केलं होतं.

लोकांना वाटतं, चक्कीवाल्याचं काम दळायचं. दळतो तो दगड. चक्कीवाल्याचं काम ऐकायचं. दोरखंड कोणत्या सुरात वाजतात यावर किती शिडं उघडायची आणि कधी गुंडाळायची ते ठरतं. ऐकायला उशीर झाला तर वारा चक्कीचे हात मोडून समुद्रात भिरकावतो. नोमिकोस सात वर्षांचा असताना बापाने त्याचे डोळे बांधून त्याला चक्कीच्या दारात बसवलं होतं. "आता कुठला?" बाप विचारायचा. चुकलं की टपली. उन्हं कलेपर्यंत टपल्या थांबल्या होत्या.

पण त्या घराण्याची खरी विद्या दोरखंडांची नव्हती, गळ्याची होती. डोंगराच्या उत्तर अंगाला एक उभी कपार आहे, तिला सगळे गळा म्हणतात. उन्हाळ्यात उत्तरेचा मेल्तेमी वारा डोंगराला धडकतो आणि बहुतेक दिवशी वरच्या वर निघून जातो. क्वचित एखाद्या दिवशी मात्र तो माथ्यावर साचत राहतो, साचत राहतो, आणि भिंत कोसळावी तसा माळावर येतो. त्याच्या दहा मिनिटं आधी गळ्यातून आवाज निघतो. बारीक, सुईच्या नेढ्यातून ओवल्यासारखा. तो आवाज ओळखणारं बेटावर एकच घर होतं आणि त्या घरात तो ओळखणारा आता एकच माणूस उरला होता.

मग बोटीतून पिठाची पोती यायला लागली. चक्की थांबली. बावीस वर्षं नोमिकोस शेळ्या राखत होता. सणासुदीला चक्कीच्या आसाला चरबी लावत होता. त्या बावीस वर्षांत वाऱ्याबद्दल त्याला कुणी एक शब्द विचारला नाही.

आणि एका वसंतात अथेन्सहून माणसं आली, माळावर पांढरं वर्तुळ रंगवून गेली. हेलिकॉप्टर येऊ लागलं. श्रीमंत लोकांची नवी हौस होती ती. सकाळची कॉफी एका बेटावर, पोहणं दुसऱ्यावर, पेत्रूसाच्या खाडीत भाजलेला मासा आणि सूर्यास्त चौथ्या बेटावर.

"दिवसाला चार बेटं!" कॉफीच्या दुकानात बसून फ्रागिस्कोस कोळी म्हणाला. "आणि मला शेजारच्या बेटावर बहिणीकडे जायचं तर मंगळवारच्या बोटीची वाट बघा. तीही आली तर."

"तुझी बहीण तुझी वाट बघते असं कोण म्हणालं?" नोमिकोसने विचारलं आणि दुकान हसलं.

पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी वर्तुळाशेजारची, वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला लोंबत होती. वारा नावाला नव्हता. हेलिकॉप्टर उतरायला आलं, तेवढ्यात नोमिकोस बायकोचा लाल एप्रन हिसकून माळाच्या मधोमध धावत गेला आणि वेड्यासारखा तो हलवू लागला. मिल्तोस पायलट शिव्या देत वर गेला आणि घिरट्या घालू लागला. त्याच्या शिव्या संपायच्या आत वारा कोसळला. खाडीवरच्या मेजवानीच्या छत्र्या, खुर्च्या, टेबलक्लॉथ, सगळं समुद्रात गेलं. आचाऱ्याची टोपी फ्रागिस्कोसला दुसऱ्या दिवशी जाळ्यात सापडली.

त्या दिवसापासून उड्डाणाआधी नोमिकोसला मिल्तोसचा फोन यायला लागला. तो त्याला बार्बा म्हणायचा, काका म्हणावं तसं.

"बार्बा नोमिकोस, काय म्हणतो तुमचा गळा?"

"झोपलाय. ये."

किंवा, "खाकरतोय. तासभर तिथेच कॉफी पी. आणि त्या बायांना म्हणावं, केस सांभाळा."

बेट सोडून गेलेल्या पोरा-नातवंडांपेक्षा त्या फोनने म्हाताऱ्याला जगवलं. तो रोज दाढी करू लागला. आकाशातून राजे-महाराजे यावेत तसे लोक यायचे, आणि ते उतरायचे कुणाच्या शब्दावर? चक्कीवाल्याच्या. कंपनीने त्याला टोपी दिली, ती त्याने घातली. कान झाकायचे मोठे पिवळे बोंगेही दिले. ते त्याने परत केले.

"घाला हो बार्बा," मिल्तोस म्हणायचा. "हे यंत्र कान खातं."

"कान झाकून वारा ऐकू? आंधळा बघून पहाऱ्याला बसव तू! माझ्या बापाने कधी कानावर टोपीसुद्धा ओढली नाही."

अकरा उन्हाळे तो यंत्रापासून तीस पावलांवर, उघड्या कानांनी, ताठ उभा राहिला. ऑगस्टात दिवसाला आठ-आठ वेळा.

बाराव्या उन्हाळ्यात, जुलैमध्ये, कॉफीच्या दुकानासमोर अंजिराच्या सावलीत बसून तो सहज म्हणाला, "यंदा किडे आले नाहीत. उन्हाळा असून झाडं मुकी आहेत. काहीतरी वाईट लक्षण."

दुकानातली बडबड थांबली. झाडावरचे किडे इतके किरकिरत होते की दुकानवाली गिऱ्हाइकांना ओरडून पैसे मागत होती.

"ऐकलंत का?" फ्रागिस्कोसने मांडीवर थाप मारली. "किड्यांनी म्हाताऱ्याशी बोलणं टाकलं! अरे, डोक्यावर बसून बोंबलतायत ते!"

सगळे हसले. नोमिकोसही हसला. मग त्याने वर बघितलं. अंजिराच्या फांदीवर एक किडा बसला होता आणि त्याचं पोट थरथरत होतं. नोमिकोस बराच वेळ त्या थरथरणाऱ्या पोटाकडे बघत राहिला. फ्रागिस्कोसचं हसू मावळलं. त्याने न विचारता दुसरी कॉफी मागवली. ती तशीच राहिली.

नोमिकोस चढण चढून माळावर गेला आणि गळ्याकडे तोंड करून उभा राहिला. तोंडावर वारा लागत होता, समुद्राची गाज येत होती, लांबून गाढवाचं ओरडणं येत होतं. जाडजूड आवाज सगळे होते. बारीक काहीच नव्हतं. आणि त्याला समजेना, आज गळा गप्प आहे म्हणून आपल्याला ऐकू येत नाही, की... पुढचं त्याने मनातसुद्धा पुरं केलं नाही.

तालुक्याच्या बेटावरच्या डॉक्टरने पुरं केलं. कानाच्या आत बारीक केसांचं एक शेत असतं, म्हणाला, ते जळलंय. पुन्हा उगवत नाही.

बायकोला, आनेझोला, त्याने बोटीतच सांगितलं. तिने टोपलीतून जवाचा वाळवलेला पाव काढून अर्धा त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवसापासून तो तिला माळावर नेऊ लागला. बहात्तराव्या वर्षी त्याने बापासारखी शाळा मांडली.

"ऐक. मेल्तेमीच्या खाली, समुद्राच्या वर. मधे एक धागा आहे."

"मला नुसता वारा ऐकू येतो, नोमिकोस."

"वारा सोड. वाऱ्याच्या आत ऐक."

"आत म्हणजे कुठे? मी बंदरावरची मुलगी. आमच्याकडे वाऱ्याला आत-बाहेर नसतं. वारा असतो नाहीतर नसतो."

"पन्नास वर्षं माझ्या घरात राहिलीस!"

"पन्नास वर्षं तुझ्या घरात भांडी वाजत होती. मी त्यांचं ऐकत होते."

तो चिडला. मग त्याच्या ध्यानात आलं की तिला आवाज ऐकू आला तरी हाच तो, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. बापाने डोळे बांधून बसवलं तेव्हा बापाला ऐकू येत होतं, म्हणून तर टपली बरोबर पडत होती. आता टपली कुणी मारायची?

फोन येतच होते. मिल्तोसचा आवाज भरड, तो अजून ऐकू यायचा.

"काय म्हणतो गळा?"

"खाकरतोय. येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशीही खाकरतोय. तिसऱ्या दिवशीही. समुद्र तेलासारखा पसरलेला, आणि नोमिकोस म्हणत होता, येऊ नकोस. हो म्हणायची त्याची छाती होत नव्हती आणि खरं सांगायची जीभ होत नव्हती. खाडीवर मासे बर्फात पडून राहिले. नऊ दिवस असे गेले. दहाव्या दिवशी हेलिकॉप्टर न विचारता आलं, रिकामं. मिल्तोस एकटाच उतरला. चक्कीच्या कट्ट्यापाशी येऊन त्याने पाठ केली, समुद्राकडे बघत तो हळू काहीतरी बोलला आणि थांबला. मग वळला. नोमिकोस त्याच्याकडे बघत होता, भल्या माणसासारखा, उत्तर न देता.

"बार्बा," मिल्तोस आता तोंडासमोर म्हणाला, "मी विचारलं, कधीपासून?"

नोमिकोसने टोपी काढून कट्ट्यावर ठेवली. "माहीत नाही. किडे गेले तेव्हा कळलं. किडे कधी गेले ते कळलं नाही."

"मी कंपनीला काही सांगत नाही. उन्हाळा संपेपर्यंत मीच बघून उतरेन. तुम्ही नुसतं हो म्हणत चला."

"बघून?" म्हातारा ओरडला. "बघायला काय असतं त्यात? सांग त्यांना. तुझ्या मागे माणसं बसलेली असतात. पैसेवाली असली म्हणून काय झालं, आईच्याच पोटची आहेत."

मिल्तोसने सांगितलं. कंपनीने त्याला दुसऱ्या बेटांच्या फेरीवर टाकलं, आणि माळावर एक उंच खांब आला. त्याच्या टोकाला तीन वाट्या गरगर फिरत आणि खांब आपलाआपण अथेन्सशी बोले. खांब लावायला आलेल्या माणसाला नोमिकोसने चारचारदा समजावलं. हा वारा आल्यावर सांगणार, म्हणाला, आणि तो वारा यायच्या आधी सांगावा लागतो. त्या माणसाने मान डोलवली, पाणी मागून प्यायला, आनेझोच्या हातच्या केपरच्या कळ्यांच्या लोणच्याची तारीफ केली आणि बोटीने गेला. फोन पुन्हा वाजला नाही. वाजला असता तर नोमिकोसला दिसलं असतं, कारण तो फोन तो समोर ठेवूनच बसायचा.

तो उन्हाळा गेला. पुढच्या उन्हाळ्यात फेऱ्या दुप्पट झाल्या. त्या वर्षभरात वारा माळावर कोसळला नाही, निदान हेलिकॉप्टर असताना तरी नाही. लोक म्हणू लागले की गळा-बिळा म्हाताऱ्यांच्या गोष्टी. फ्रागिस्कोस तेवढा कधी म्हणाला नाही.

पानायियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, सणाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आनेझो अंगणात धुणं वाळत घालत होती. हातातला चादरीचा पिळा तसाच धरून ती थबकली.

"नोमिकोस."

तो बघत नव्हता. तिने येऊन त्याचा खांदा हलवला. "काहीतरी येतंय. बारीक. डासासारखं, पण लांबून. गळ्याकडून."

तो उठला. दक्षिणेकडून हेलिकॉप्टर खाली येतच होतं, काचेतून डोकी दिसत होती, सहा-सात. नोमिकोस त्या वयात जितकं धावता येईल तितका धावला. वर्तुळाच्या कडेला उभा राहून त्याने दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले, सोडले, परत धरले. "जा! वर जा!" तो ओरडत होता. धुळीने तोंड भरलं. नव्या पायलटने काचेतून हसून हात हलवला.

यंत्र उतरलं. पाती थांबली. दार उघडलं आणि माणसं एकेक करून बाहेर आली, उन्हाला डोळे मिचकावत. पांढऱ्या हॅटच्या बाईने नोमिकोसचे हात अजून वरच असलेले बघून आपलेही हात तसेच वर केले आणि मैत्रिणीला फोटो काढायला सांगितला.

वारा आला नाही. नोमिकोस डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पाहुणे खाडीवर जाऊन मासे खाऊन परत आले, दारं लागली, हेलिकॉप्टर उठलं आणि पश्चिमेला सूर्यास्ताकडे निघून गेलं. खांबावरच्या वाट्या सावकाश फिरत होत्या.

तो घरी आला तेव्हा आनेझो उंबऱ्यावर बसली होती. ओली चादर तिच्या मांडीवरच वाळली होती.

"यंत्राचाच असेल आवाज," ती म्हणाली. "लांबून येताना त्याचाही बारीक होतो. मला काय कळतं."

"गळ्याकडून आला म्हणालीस."

"वाटलं तसं. मग नाही वाटलं. भिंतीला आपटून आला असेल."

नोमिकोस तिच्यासमोर दगडावर बसला. गळा खरोखर वाजला असेल आणि वारा मधेच दुसरीकडे वळला असेल, असंही होतं, बापाच्या वेळी दोनदा झालं होतं. किंवा काहीच वाजलं नसेल. पुढच्या खेपेला ती बोलायला कचरेल आणि तो धावायला कचरेल, हे दोघांनाही कळत होतं.

"कसा होता?" त्याने विचारलं. "करून दाखव."

"मला शिट्टी येत नाही रे."

"येईल तशी कर."

तिने ओठ जुळवले. सुरकुत्या तोंडाभोवती गोळा झाल्या, गाल आत गेले. तो तिच्या ओठांकडे डोळे रोखून बघत राहिला, कानात काहीच येत नव्हतं. तिने श्वास घेतला आणि पुन्हा फुंकला, अधिक जोराने, मान पुढे काढून.

"असा होता का?" तिने विचारलं. "हाच का तो?"

भिंतीला बांधलेल्या शेळीने खाणं सोडून कान टवकारले होते आणि ती आनेझोकडे बघत होती. नोमिकोसने शेळीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"परत कर," तो म्हणाला.