मास्तरांना पेपरला बसवणारे नानासाहेब

मी शाळेत संस्कृत शिकवायला रुजू झालो त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सर्वांनी माझी रीतसर चौकशी केली. गाव कोणते, लग्न झाले का, खोली कुठे घेतली, तांबडा रस्सा सोसतो का. कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले एक गृहस्थ तेवढे गप्प होते. सगळ्यांचे विचारून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही शेवटचं गणित कधी सोडवलंत?"

"मॅट्रिकला," मी म्हणालो. "त्यानंतर देवदयेने तशी वेळ आली नाही."

"येईल की," ते म्हणाले आणि पुन्हा वह्यांत शिरले.

गणित शिकवणाऱ्या श्री. नानासाहेब वाशीकरांशी झालेले माझे हे पहिले संभाषण. मला ते उर्मट वाटले. मी कोल्हापुरात नवा होतो. इथे सरळ बोलण्याला उर्मटपणा म्हणत नाहीत हे कळायला थोडे दिवस गेले. आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला बसलो आहे, आणि तोच प्रश्न सर्वांत आधी आठवतो.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. संस्थान विलीन झाले होते, मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली होती आणि नव्या परीक्षेत मुलांना काही विषय निवडण्याची मुभा मिळाली होती. ही मुभा काय मिळाली, गावात एकच चर्चा सुरू झाली: सोपा विषय कोणता? आम्ही शिक्षक एकदा जोतिबाला गेलो होतो. तिथे नारळ-गुलालाच्या दुकानदाराने आमच्या टोप्या आणि उपरणी पाहून धंदा ओळखला आणि नानासाहेबांना गाठले.

"पावणं, मास्तर दिसतायसा. पोरगं औंदा एसेशीला हाय. कंचा इषय सोपा पडंल?"

"त्याला काय आवडतं?" नानासाहेबांनी विचारले.

"त्याला कुस्ती आवडती."

"मग त्याला विचारा, कुस्तीत सोपा डाव कंचा. तो सांगंल ते मला येऊन सांगा."

दुकानदार हसला, पण नानासाहेब हसले नव्हते. डोंगर उतरेपर्यंत ते त्याच विषयावर बोलत होते. एक पेपर दुसऱ्यापेक्षा अवघड आहे हे ठरवायचे कोणी आणि कशावरून, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला तो कायमचा.

शिक्षकांच्या खोलीत तर रोज त्यावरून जुंपायची. इतिहासाचे जगदाळे सर म्हणत, संस्कृत म्हणजे पोपटपंची, पाठ केले की गुण पदरात. मी म्हणे, इतिहासाला काय लागते, लांब लिहिणारा हात. आणि गणिताबद्दल आमचे एकमत होते, की त्यात एकदा रीत कळली की विचारच करावा लागत नाही. हे ऐकून एके दिवशी नानासाहेबांनी खडू खाली ठेवला. "सहामाहीचे पेपर छापून उरलेत," ते म्हणाले. "रविवारी सगळ्यांनी यायचं. ज्यानं ज्याचा विषय सोपा म्हटला, त्यानं त्याचा पेपर सोडवायचा. घड्याळ लावून."

आम्हाला वाटले थट्टा आहे. रविवारी सकाळी पाहतो तो वर्गात बाक मांडलेले, शाईच्या दौती भरलेल्या आणि मुख्याध्यापक स्वतः पर्यवेक्षक म्हणून उभे. मी गणिताला बसलो. एका हौदाला दोन नळ होते आणि खाली एक मोरी उघडी राहिली होती. मी घंटा होईपर्यंत झटलो, पण माझा हौद काही भरला नाही. जगदाळे सरांच्या वाट्याला भूमिती आली होती; त्यांनी त्रिकोणाभोवती पानिपताएवढे वर्णन लिहिले आणि सिद्धता तेवढी राहिली. नानासाहेबांनी कुणाचाच विषय सोपा म्हटला नव्हता, तरी ते आपणहून संस्कृतला बसले होते. त्यांची उत्तरपत्रिका मी दोनदा तपासली आणि त्यांना नापास केले. पासाला थोडेच गुण कमी होते. मी त्यांच्यासमोर संकोचाने उभा राहिलो तेव्हा त्यांनी पेपर उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बरोबर केलंत. आता शिकवा."

आणि ते खरोखरच शिकले. शाळा सुटल्यावर रंकाळ्याच्या काठावर बसून, वयाने माझ्यापेक्षा वडील असलेले हे गृहस्थ माझ्यापुढे रूपे म्हणून दाखवत. पुढच्या वर्षी पास झाले. माझी पत्नी विषमज्वराने अंथरुणाला खिळली आणि मला रजा घ्यावी लागली, तेव्हा माझे खालच्या वर्गांचे तास त्यांनीच घेतले. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आभार राहू द्यात. तुमची पोरं शंका फार विचारतात, हे मात्र चांगलं केलंत."

या रविवारच्या परीक्षेची पुढे प्रथाच पडली. "अवघड विषय म्हणजे दुसऱ्याचा विषय," हा जगदाळे सरांचा शोध त्यातूनच निघाला. नानासाहेबांचा शोध वेगळा होता. माझा हौदाचा घोळ त्यांनी बारकाईने तपासला आणि त्यांच्या ध्यानात आले, की मी हिशेबात चुकलोच होतो, पण त्याआधी त्यांचे वाक्यच मला नीट उमगले नव्हते. तेव्हापासून गणिताचा पेपर छापायला जाण्यापूर्वी ते माझ्याकडे वाचायला देत. "गणितात पोरं गणितामुळं नापास झाली तर चालतील, मराठीमुळं न्हाय," असे त्यांचे म्हणणे. आपल्या विषयाचा दरारा कमी होईल म्हणून पेपर गुंतागुंतीचा ठेवणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत. नानासाहेबांना तो मोह कधी शिवला नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहितो आहे त्याकडे येतो.

आमच्या शाळेचा नियम असा होता, की प्रिलिम परीक्षेत एका जरी विषयात नापास झाला तरी त्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेला बसवायचे नाही. त्यामुळे आमचा निकाल गावात वरचा लागे आणि संस्थेचे चालक छाती काढून फिरत. त्या वर्षी दस्तगीर मुजावर नावाचा मुलगा अडला. गडहिंग्लजचा, वडील भांड्यांना कल्हई करीत, मुलगा इथे बोर्डिंगात राही. इतिहास, मराठी, इंग्रजी, सगळ्यांत पुढे, आणि गणितात नापास. नापास करणारे अर्थातच नानासाहेब. असेच एकेका विषयात अडलेले आणखीही काही होते.

बैठकीत जगदाळे सरांनी व्यवहारी तोडगा काढला. "नानासाहेब, पेपर तुमचा, तांबडी शाई तुमची. चार गुण वाढवा आणि मिटवा."

नानासाहेबांना चीड आली की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडते. "गुण एक वाढणार न्हाय. नापास हाय तो, नापासच म्हणणार. पण नापास झाला म्हंजे बोर्डाला बसायचं न्हाय, हे कुठं लिव्हलंय? मार्च अजून लांब हाय. शिकवतो की मी."

"नियम आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"असंल. ह्या खोलीत सगळ्या विषयांत पास कोण हाय सांगा. मी संस्कृतात नापास झालतो. शास्त्रीबुवा गणितात नापास. जगदाळे भूमितीत. आपण मास्तर म्हणून बसायचं आन् त्या पोरानं घरी जायचं व्हय?"

मुख्याध्यापक शांत स्वभावाचे होते. ते म्हणाले, "नानासाहेब, जूनमध्ये मी निवृत्त होतो. ज्येष्ठ तुम्ही, खुर्ची तुमची. निकाल खाली आला तर चालकांना उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल."

"खाली आला तर खुर्ची सोडली. झालं?"

हे शब्द त्यांनी इतके सहज उच्चारले की आम्हाला त्यांचे वजन बाहेर पडल्यावर कळले. एकूण एक मुले बोर्डाच्या परीक्षेला बसवली गेली. नानासाहेबांनी पहाटेचे वर्ग सुरू केले आणि आम्हा सर्वांना त्यांत ओढले. थंडीत कुडकुडत येणाऱ्या मुलांआधी ते वर्गात हजर असत. मी मनात त्यांना शिव्या घालत उठत असे, पण उठत असे.

निकाल लागला. जी मुले अडवली जाणार होती त्यांपैकी बहुतेक पास झाली. दस्तगीर नापास झाला, गणितातच. शाळेचा निकाल खाली आला, आणि त्याच संध्याकाळी नानासाहेब चालकांना भेटून आपला हक्क सोडल्याचे सांगून आले. चालक त्यांना थांबवतील अशी मला आशा होती. त्यांनी थांबवले नाही.

दोन दिवसांनी दस्तगीरचे वडील एस.टी.ने आले. मी नानासाहेबांच्या घरीच होतो. वडील उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते.

"सर, पोरगं नापास झालं. आन् त्याच्यापायी तुमची खुर्ची गेली म्हणत्यात. कंच्या तोंडानं आत येऊ?"

"आलाईसा न्हवं? बसा मग," नानासाहेब म्हणाले. "खुर्ची पणाला मी लावलीती. पोराचा काय संबंध? ऑक्टोबरात परत बसवायचाय त्याला. उद्याच्याला धाडून द्या."

"आन् परत न्हाय झाला तर?"

"तर मार्च हाय की."

त्या माणसाने डोळे पुसले आणि मग आत येऊन चहा घेतला. दस्तगीर ऑक्टोबरात पास झाला. आज तो गडहिंग्लजला इतिहास शिकवतो.

ती खुर्ची चालकांनी मात्र मला देऊ केली. मी रागारागाने नानासाहेबांकडे गेलो होतो, की मी नाही म्हणून सांगतो. त्यांनी मला बसवले आणि स्वच्छ सांगितले, "कुणीतरी बसायलाच पाहिजे. तुम्ही बसा. पण तो जुना नियम परत आणायचा न्हाय, एवढं बघा." ज्यांनी माझे वरिष्ठ व्हायचे, ते तेव्हापासून माझ्या हाताखाली साधे शिक्षक म्हणून काम करीत आहेत. इतक्या काळात त्यांच्या बोलण्यात एक कडवट शब्द मी ऐकला नाही. मला मात्र त्या खुर्चीत कधी सुखाने बसता आले नाही, आणि ते बरेच झाले. दर जानेवारीत चालक निकालाची आठवण करून देतात, माझेही मन कचरते, आणि नानासाहेबांचा आवाज वर्गातून ऐकू येतो. मग मी सगळ्या मुलांना बसवतो.

येत्या जूनमध्ये ते निवृत्त होतात; मग तो आवाज वर्गातून येणार नाही. नानासाहेबांना सुदृढ आरोग्य लाभो, त्यांची शंभरी आम्हा सर्वांना पाहायला मिळो, ही तर प्रार्थना आहेच. पण माझे एक स्वार्थाचे मागणे आहे. त्यांच्या माघारी ज्या दिवशी मी घाबरून एखाद्या मुलाला अडवीन, त्या दिवशी त्यांनी काठी टेकत का होईना शाळेत यावे, आणि सगळ्या मुलांदेखत मला नापास म्हणावे.