मंडणगडच्या रस्त्यावर नाचलेली गाडी

गाडी मेहुण्याची, सतीशची. इंजिनाचा जोर चारही चाकांना जाणारी. किल्ली हातात ठेवताना त्यानं मला पुण्यात दम भरला होता, "पंक्चर झालं तर दुसऱ्या मापाचं चाक लावायचं नाही. एक लहान, एक मोठं झालं की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअर जळतो. दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर ठेवून ओढायचीही नाही. न्यायची तर चारही चाकं अधांतरी!"

"तुझी गाडी मी डोक्यावरून आणीन," मी म्हणालो. बोलायला माझं काय जातं?

मागच्या सीटवर सुशीलाआत्या बसली होती. कंबरेच्या ऑपरेशनमुळे गेलं वर्षभर ती आमच्याकडे होती आणि मंडणगडच्या पुढचं तिचं घर कुलपात होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी वाडीत घरोघर येते. बंद घरापुढे मात्र ती थांबत नाही, सरळ पुढे निघून जाते. गेल्या वर्षी आत्याच्या दारावरून ती अशीच गेली होती. "औंदा गेली तर मी काय तोंड दाखवू?" हे वाक्य मी पुण्यापासून ताम्हिणीपर्यंत दोनशे वेळा ऐकलं, आणि ताम्हिणीनंतर मोजणं सोडलं.

म्हाप्रळची खाडी मागे टाकली आणि ऊन असं तापलं, की डांबरावर घावन टाकलं असतं तर उलटावं लागलं नसतं. मंडणगडच्या स्टँडजवळ एका बाईकडे खरंच घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी खाल्ली. मी सात खाल्ली. आत्या चार म्हणते, पण तिचं लक्ष तेव्हा फोनकडे होतं. पालखी वाडीत शिरली होती.

गाव दोन वळणांवर आलं आणि पुढच्या डाव्या चाकाखाली तोफ उडाली. कुठल्याशा ट्रकमधून पडलेला चिरा (जांभ्या दगडाची घडीव वीट) रस्त्यात होता. टायरची कूस अशी फाटली होती, की आत मांजर व्याली असती. या गाडीला स्टेपनी नव्हतीच. होता तो एक पंप आणि भोक बुजवायच्या औषधाची बाटली. औषध ओतलं, ते खिरीसारखं रस्त्यावर आलं.

तेवढ्यात एक जीप थांबली. उतरलेल्या गृहस्थांना आत्यानं "दगडूभावजी" म्हणून हाक मारली. ते तिच्याच वाडीतले. मी चाकांमागे दगड लावेपर्यंत भावजींनी स्वतःच्या जीपचं चाक काढून आणलंसुद्धा!

"भोका जुळली बगा! बसला चाक!"

"अहो, पण हे वीतभर मोठं आहे!"

"मोठा तर बराच ना? लवकर पोचशील."

मी किंचाळलो. मी त्या चाकाला मिठी मारून खाली बसलो. मग भावजी दोरखंड घेऊन आले. पुढचा भाग जीपला टांगू, मागची चाकं लोळतील, असा बेत. मी दोरखंडावरही बसलो. फाटक्या टायरवर तसंच रेटू, असं आत्याच म्हणाली. मी तिला सतीशचं भाषण ऐकवलं.

"अधांतरी ना?" ती म्हणाली. "हात्तिच्या!" आणि तिनं फोन लावला.

पुढचं जे सांगतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी माझा विश्वास नाही. वळणावरून ढोल वाजत आला. मागे पंचवीस-तीस गडी, कंबरेला शेले, कपाळभर गुलाल. पालखी नाचवणारे! त्यांनी पालखी वाडीतल्या सहाणेवर (पालखी टेकवायचा दगडी ओटा) ठेवून आमच्याकडे धाव घेतली होती. रस्त्याला लागूनच चिरेखाण होती. खाणीतला रिकामा ट्रक खाली उभा, त्याच्या हौद्याचा तळ बरोबर रस्त्याच्या पातळीत, कडेला भिडलेला. गाडी तेवढी तिथवर न्यायची.

"काकी, उतरा."

"मी नाय उतरत. कंबर धड नाय माझी. उचला."

आणि त्यांनी उचलली! आत्यासकट, माझ्या सात घावनांइतक्या सहजपणे. चारही चाकं हवेत. त्यात ढोलवाल्याचा हात सुटला. ढोल वाजला की या लोकांचे पाय ऐकत नाहीत. गाडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, एक गिरकी घेतली. काचेतून आत्या मांडीवरची ओटी सांभाळत हात जोडून बसलेली.

"नाचवू नका! अरे, मेहुण्याची आहे!"

"मेहुण्यालापन घेऊन या फुडच्या वर्षी!"

हौद्यात गाडी अलगद टेकली, चाकांना चिरे लावले, दोर आवळले. मी हौद्यात चढून मागच्या काचेपाशी गेलो.

"आत्या, पालखी पुढे गेली असेल तर?"

"कोनाच्या खांद्यावर जाईल, मेल्या?" ती काच खाली करून म्हणाली. "नाचवणारे तर हे इथं!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईनं गाडी उचलायला माणसं बोलावली नव्हती. पालखी थांबवायला बोलावली होती.

ट्रकनं आम्हाला आत्याच्या दारात सोडलं, कुलूप उघडलं, अंगण शिंपडलं, आणि मगच सहाणेवरून ढोल निघाला. आत्यानं दारात ओटी भरली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

टायर खेडहून आलं. तेच माप, तीच नक्षी. बाकीची तीन जवळपास नवीच असल्यानं चौघं एकमेकांना शोभली. मी सतीशला फोटो पाठवून परवानगी घेतली आणि निघायला हॉर्न दिला. आत्या ओट्यावरून हलली नाही.

"तू जा. दार उघडलंय, आता परत कशाला लावू?"

पुण्यात सतीश तासभर गाडीखाली झोपून होता. बाहेर आला तेव्हा चेहरा खुललेला. "शाबास! जशी नेलीस तशी आणलीस." माझ्या बायकोनं मागच्या सीटकडे पाहिलं. "आणि आत्या?"

मी सगळं सांगितलं. गाडी खांद्यावर नाचली, हे दोघांनी लगेच मान्य केलं. आत्या एकटी राहिली, हे मात्र त्यांना माझी थाप वाटली. खरं सांगायचं तर अजून मलाही वाटते. पण रोज संध्याकाळी फोन केला की ती ओट्यावरूनच बोलते, आणि मागे तिच्याकडे आलेल्या बायकांचा असा कालवा असतो की माझा आवाज तिथे कुणाला ऐकूच जात नाही.